वाणात गेलेला व्हेप

३ जानेवारी, शनि.
आज व्हेप घेतला, ई-सिगरेट. लाँड्रीशेजारच्या दुकानात. काउंटरवरच्या बाईने ओळखपत्र मागितलं. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईचं. क्षणभर बरं वाटलं, मग स्वतःचाच राग आला.

बारीक आहे, चपटा. लिपस्टिकपेक्षा लांब. मिंट. खाली चार्जिंगचं भोक, लेकीच्या, ईशाच्या फोनची वायर चालते. आतला द्रव मात्र भरता येत नाही, तो संपला की फेकायचा. म्हणजे चार्ज करायचा, जपायचा आणि मग कचऱ्यात.

उद्देश लिहून ठेवते, नाहीतर नंतर सोयीने बदलेन. सात वर्षं रोज तीन सिगरेटी ओढतेय, त्या बंद करायच्या. सहा आठवडे हा, मग हाही बंद. निखिलला वाटतं, बायकोने दोन वर्षांपूर्वीच सोडली. तेव्हा त्याच्यासमोर पाकीट मोडून फेकलं होतं. दुसरं गाडीत होतं.

५ जानेवारी, सोम.
ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, तशीच याचीही टेस्टिंग करू म्हटलं.
वास: दोन मिनिटांत जातो. कपड्यांना, केसांना नाही. पास.
घसा: पहिल्या झुरक्याला खरवडल्यासारखा. नंतर सवय.
स्क्रीन: दोन आकडे. बॅटरी आणि द्रव. बॅटरी तिसऱ्या दिवशी अर्धी.
वापर: बटण नाही. ओढलं की सुरू, सोडलं की बंद. टोकाला निळा दिवा लागतो. एकदम सोपं. पास.
तोंडाशी ओल येते, टिश्यूने पुसावी लागते.
सि. आज: शून्य. हे खरं आहे, म्हणून दोनदा वाचलं.

९ जानेवारी, शुक्र.
सासूबाई बटवे शिवत आहेत. सहा महिन्यांसाठी भारतातून आल्यात, त्यातले दोन संपले. येताना खणाचे तुकडे बॅग भरून आणलेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पंचवीस बायका, पंचवीस बटवे. वाण म्हणून प्रत्येकात एक लिप बाम, एक हँड क्रीम. त्यांचीच कल्पना. "इथे सगळ्यांचे ओठ फुटलेले दिसतात. करंडे घेऊन काय करतील त्या?"

मशीनवर वाकलेल्या असतात तेव्हा मानेचा मणका दिसतो. या माणसाला मी फसवतेय असं वाटतं. सासरे सिगरेटमुळेच गेले. शेवटचे नऊ महिने ऑक्सिजनचं सिलिंडर यांनी सांभाळलं, रात्रंदिवस. आता कुणी धूर सोडताना दिसलं तर पदरही नाकाला लावत नाहीत, नुसत्या दुसरीकडे बघतात. ते जास्त लागतं.

एक निळा बटवा वाकडा शिवला गेला. बाजूला टाकला त्यांनी. "हा आपल्या घरात राहू दे."

१२ जानेवारी, सोम.
एक गोष्ट लक्षात आली. सि. संपते. चार मिनिटं, मग विझवायची, हात धुवायचे, बडीशेप खायची, घरात यायचं. याला शेवटच नाही. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून, कपडे वाळत घालताना, गॅरेजमध्ये. आज मोजायचं ठरवलं होतं. अकरापर्यंत मोजले आणि मग मोजत नव्हते.
द्रवाचा आकडा: निम्म्याखाली. दहा दिवसांत.
सकाळी खोकला. कोरडा. निखिल म्हणाला, "हीटर कमी करू का?"

१६ जानेवारी, शुक्र.
थोडक्यात वाचले. ईशाला गाडीची किल्ली हवी होती, सरळ माझी पर्स उघडायला लागली. सोळा वर्षांची आहे, लायसन्स मिळाल्यापासून किल्ल्यांसाठी घर पालथं घालते. पर्स हिसकावूनच घेतली. "जीझ, आई. चिल." मागच्याच वर्षी शाळेतून पत्र आलं तेव्हा मी तिला तासभर व्हेपवर लेक्चर दिलं होतं. फुप्फुसांचे फोटो दाखवून.

पर्स आता नको. व्हेप वाकड्या निळ्या बटव्यात घातला, बटवा गेस्टरूमच्या कपाटात मागे. तो कुणाला द्यायचाच नाहीये.

१७ जानेवारी, शनि. संध्याकाळी
ह.कुं. छान झालं. घर भरून गेलं होतं. नागपूरच्या, पुण्याच्या, एक बेळगावची. तिळाच्या वड्या कमी पडल्या नाहीत. सगळ्या गेल्यावर कपाट उघडलं.
बटवा नाही.

सासूबाईंना विचारलं, आवाज साधा ठेवून. "अगं, माधवी तिच्या ओळखीची एक नवी मुलगी घेऊन आली ना, कडेवर बाळ असलेली. ती सव्विसावी. वाण न देता सवाष्णीला परत कसं पाठवायचं? म्हणून तो दिला. हाताला आत काहीतरी लागलं, म्हटलं भरलेलाच आहे."

मी "बरं केलंत" म्हटलं.

कडेवर बाळ. मनू नाव. वर्ष-सव्वा वर्षाची. माझ्याच हातातलं तिळगुळाचं भांडं ओढत होती. जे मिळेल ते तोंडात घालत होती.
बटण नाही. ओढलं की सुरू.

१८ जानेवारी, रवि.
काय काय वाचलं ते लिहीत नाही. लहान मुलांना त्या द्रवाचे थेंबही. बास.

माधवीला सकाळी आठला फोन. "अगं, वाणाच्या बटव्यात माझा पेन ड्राइव्ह गेलाय चुकून. ऑफिसचा. त्या मुलीचा नंबर दे ना."
माधवी हसत सुटली. "वाणात पेन ड्राइव्ह? पुढच्या वर्षी लॅपटॉप दे बाई, आम्ही आत्ताच नाव नोंदवतो." मग म्हणाली, "नेहा ना? अगं, तिचा नवा नंबर चालू व्हायचाय अजून, नवरा नुकताच मिशिगनमधल्या ट्रॉयहून ट्रान्स्फर होऊन आलाय. थांब, तिच्या नवऱ्याला फोन करून मीच विचारून सांगते."
त्याच वेळी खरं बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. सासूबाई समोर लसूण सोलत होत्या.

अकरा वाजता बाहेर पडले, दूध आणायला म्हणून. दुकानात जाऊन दुसरा व्हेप घेतला. तसलाच. पहिला कुठे आहे हे कळायच्या आधी. हे इथे लिहिते आहे कारण दुसरीकडे कुठेच लिहिता येणार नाही.

१९ जानेवारी, सोम.
सुट्टी. माधवीचा फोन. "विचारलं गं. पेन ड्राइव्ह नाही म्हणाली. बटव्यात तसलं काही नव्हतं."
खरंच बोलली ती. मीच खोटं विचारलं होतं.
आता "पेन ड्राइव्ह नाही, दुसरं काहीतरी" असं कसं विचारायचं? तीन वेळा मेसेज टाइप केला, पुसला.

२० जानेवारी, मंगळ.
नेहा कुठल्या कॉम्प्लेक्समध्ये राहते एवढं माहीत आहे, घर नंबर नाही. लंचच्या वेळेत गेले. मॉरिसव्हिलमधले हे सगळे कॉम्प्लेक्स सारखेच, तेच पांढरे जिने, तीच वाळत घातलेली मुलांची जॅकेट्स. आवारात अर्धा तास गाडीत बसून राहिले. ॲम्ब्युलन्स नाही. कुठल्याच दारासमोर गर्दी नाही. एक आजोबा बाबागाडी ढकलत गेले, आत बाळ झोपलेलं होतं. मनू नव्हती.
काही घडत नाहीये हे बघून इतकं हायसं वाटलं की गाडीतच दुसरा काढून ओढला.
पुसून खिशात ठेवला.

२२ जानेवारी, गुरु.
दुपारी नेहा आली. दारात, बाबागाडीत मनू. मनूला बघितलं आणि दाराची कड धरली. गाल लाल, नाक वाहतंय, ठणठणीत. सासूबाई वर झोपल्या होत्या. मी घरून काम करत होते, ईशा शाळेत.

नेहा आत आली नाही. कागदी पिशवी पुढे केली. "मंजिरीताई, रागावू नका. मला आधी कळलंच नाही काय आहे ते. मनूने तोंडात धरलं होतं, मला वाटलं बाम. मग टोकाला निळा दिवा लागला."
"कधी?"
"त्याच दिवशी, घरी गेल्यावर. ठसका लागला तिला. विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी बघत राहायला सांगितलं. उलटी झाली एकदा. सकाळपर्यंत मांडीवर घेऊन बसलो आम्ही दोघं. आता बरी आहे."

तिचा आवाज अगदी हळू. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, "माधवीताई पेन ड्राइव्ह म्हणाल्या तेव्हा वाटलं, तुम्हाला माहीतच नसणार. काल त्यांना दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या की घरात ईशा आहे. या वयात करतात मुलं, ताई. फार बोलू नका तिला."

आणि मी म्हटलं, "नाही बोलणार."

दोन शब्द. ती बाबागाडी वळवून गेली. मनूने हात हलवला, मी पण हलवला. दोन शब्दांत पोरगी दिली मी माझी.

२३ जानेवारी, शुक्र.
ईशा शाळेतून आली ती जॅकेट न काढता स्वयंपाकघरात. "आई, तन्वीची मम्मा थिंक्स आय व्हेप. तन्वीला सांगितलंय माझ्या गाडीतून यायचं नाही. व्हाय वुड शी से दॅट?" तन्वी म्हणजे माधवीची मुलगी. या दोघी तिसरीपासून एका बाकावर.
मी म्हटलं, काहीतरी गैरसमज असेल.

जेवताना निखिलने विषय काढला. त्याला माधवीच्या नवऱ्याने फोन केला होता. शांतपणे विचारलं त्याने, "ईशा, खरं सांग. आम्ही रागावणार नाही."
ईशा उठली, दप्तर आणलं, टेबलावर उलटं केलं. वह्या, कॅल्क्युलेटर, च्युइंग गम, सॅनिटरी पॅड. पॅड पण बापासमोर. "हॅपी?"
सासूबाईंचा घास हातातच. "पोरीची झडती काय घेता रे जेवताना?"
मी आमटी वाढत होते. सगळ्यांना वाढली. ज्यांना नको होती त्यांनाही.
माझ्या स्वेटरच्या खिशात होता दुसरा. सगळा वेळ.

२४ जानेवारी, शनि.
ईशाला गाडीत सांगितलं. ती चालवत होती, मी शेजारी. लायब्ररीच्या पार्किंगमध्ये तिने गाडी लावली आणि मी सांगून टाकलं. क्रम चुकला. आधी मनूचं सांगितलं, मग बटव्याचं, मग सात वर्षांचं.
ती समोर बघत राहिली. वायपर चालू होते, पाऊस नव्हता.
"सो इट वॉज यू."
"हो."
"आणि काल मी बॅग रिकामी करत होते तेव्हा यू जस्ट स्टूड देअर."
"हो."
मग तिने विचारलं, "बाळ ओके आहे ना, फॉर रिअल?" म्हटलं आहे. तेव्हा रडली. मला हात लावू दिला नाही.
"आत्ता आहे तुझ्याकडे?"
खिशात होता. काढून दिला. तिने तो दोन बोटांत धरला, मेलेलं झुरळ धरावं तसा, आणि माझ्याच पर्समध्ये टाकला. "आय डोन्ट वॉन्ट इट. तूच काय ते कर. पण मंडेला मी शाळेत जायच्या आधी सगळ्यांना कळलं पाहिजे. नॉट जस्ट तन्वीची मम्मा. सगळ्यांना."
"आजीला?"
"एव्हरीवन, आई."

२५ जानेवारी, रवि.
आज रथसप्तमी. सकाळपासून मेसेज लिहितेय. पहिल्यात "काही कारणाने" होतं, काढलं. दुसऱ्यात ताण, नोकरी, ऑफिसातली नोकरकपात, सगळं होतं, तेही काढलं. शेवटी राहिलं ते एवढं: नेहाला बटव्यात सापडलेला व्हेप माझा होता. ईशाचा नाही, ईशाला माहीतही नव्हतं. मनूला जे झालं ते माझ्यामुळे. पेन ड्राइव्ह खोटं होतं.

निखिलला आधी सांगायला हवं होतं. तो बाहेर अंगणात पानं गोळा करतोय, दोनदा दारापर्यंत जाऊन आले. तिसऱ्यांदा जाईन.

दोन्ही व्हेप पर्समध्येच आहेत, नेहाने आणून दिलेलाही. कचऱ्यात टाकता येत नाहीत म्हणे, बॅटरी असते. कुठे नेऊन द्यायचे ते शोधायचंय. सकाळपासून एकही ओढलेला नाही. साडेतीन तास. डोकं ठणकतंय. साडेतीन तासांचं काही सांगता येत नाही, एवढं आता कळलंय मला.

नेहाला काय वाटेल? पुन्हा या घराचं दार वाजवेल का? वाजवू नये, असंही वाटतं.

ह.कुं.च्या ग्रुपवर सत्तावीस जणी. सासूबाईही आहेत. माधवीनेच घातलं त्यांना, त्या रोज सकाळी तिथे सगळ्यांना फुलं पाठवतात.

पाठवला. अकरा वाजून दहा मिनिटं.

त्यांचा फोन स्वयंपाकघरात वाजला. इथे ऐकू आला. म्हणताहेत, "मंजिरी, बघ गं कुणाचं काय आलंय." मग, "राहू दे, बघते मी. चष्मा कुठे ठेवला?"