लोढणं

गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हा मी बीडमध्येच होते, आणि तुमच्या मातीला आले नाही. अंक सुटायचाय असं कारण सांगितलं. अंक रोजच सुटायचा असतो. खरं म्हणजे तुम्हाला न हलता पडलेलं बघून मला बरं वाटेल आणि ते चारचौघांत माझ्या तोंडावर दिसेल, अशी भीती वाटली. वर्तमानपत्रात इतकी वर्षं काढल्यावर शब्द मोजून लिहायची सवय होते. हेही मोजूनच लिहिते आहे.

लिंबागणेशच्या अलीकडे आमची वस्ती. शेळ्या, थोडी मेंढरं आणि एक पळकुटी गाय. मी चौथीत. शाळेतून आले की शेळ्यांमागे जायचं आणि गृहपाठही तिथेच, चालता चालता. पाढे मी पावलांवर बसवले होते. पहिल्या पावलाला सात, दुसऱ्याला चौदा; सत्तरला बांध यायचा आणि मी वळायचे. तुम्ही वर्गात पाढा विचारलात की माझे पाय आपोआप हलायचे. तुम्ही म्हणायचात, आधी पाय गप ठेव, मग सांग. पाय गप ठेवले की चौदाच्या पुढे मला काही सापडायचं नाही.

एका संध्याकाळी शाळेतून परतताना तुम्ही सायकल आमच्या अंगणात घातलीत. मी वही धरून गोठ्यापासून चुलीपर्यंत फेऱ्या मारत होते. अण्णांनी बाज टाकली, आईनं चहाचं आधण ठेवलं. पोरगी हुशार आहे पण चित्त ठिकाणावर नाही, असं तुम्ही सांगत होतात, आणि सांगता सांगता तुमची नजर गायीकडे गेली. तिच्या गळ्यात बाभळीचा हातभर ओंडका लोंबत होता. ती पळायला लागली की तो पुढच्या पायांवर आदळायचा.

"हे कावून घातलंय हिला?" तुम्ही विचारलंत, जसं काही ठाऊकच नाही.

"लोढणं हाय, गुर्जी. एका जागी ऱ्हात न्हाई ती."

"मग हिला कावून न्हाई?" तुमचं बोट माझ्याकडे होतं.

अण्णा हसले. थट्टा आहे असं त्यांना वाटलं. तुमचा चहा संपेपर्यंत तुम्ही हसला नाहीत, तेव्हा अण्णा उठले, गायीच्या गळ्यातून ते सोडवलं आणि माझ्या गळ्यात अडकवलं. गृहपाठ होईस्तोवर काढायचं नाही, तुम्ही बजावलंत. आई एवढंच म्हणाली, "गुर्जी, लेकरू हाय ते."

तुम्ही म्हणालात, "म्हणूनच."

दिवाळीपासून वार्षिक परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी ते माझ्या गळ्यात होतं. जाता जाता तुम्ही सायकल थांबवून बघायचात आणि मान डोलवायचात. तुम्हाला वाटायचं माझं लक्ष वहीत आहे. ते लाकडात होतं. मांडीवरून घसरू नये, गुडघ्याला लागू नये, गायीचा वास नाकात जाऊ नये. सातचा पाढा मी त्या वर्षी पाठ केलाच नाही, पुस्तकात बघून उतरवला. अक्षर सुंदर आलं. तुम्ही ती वही वर्गात फिरवलीत, आणि हे कशानं झालं तेही वर्गाला सांगितलंत. ती शाळा सोडेपर्यंत मला कुणी माझ्या नावानं हाक मारली नाही. लोढणं म्हणायचे.

गेल्या महिन्यात तुमचे चिरंजीव घरी आले. इथे त्यांचा क्लास आहे, जोरात चालतो. तुमच्या नावानं स्मरणिका काढताहेत, त्यात माझा लेख हवा होता. "ताई, बाबांनी तुम्हाला बसायला शिकवलं, म्हणून आज तुम्ही लिहिताय," म्हणाले. सोबत तुमची नात होती, माझ्या मुलीच्याच वर्गातली, चौथीत. आम्ही बोलत होतो तोवर ती दोनदा उठून खिडकीपाशी जाऊन आली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा चिरंजीव आवाज न चढवता म्हणाले, "आजोबा असते तर?" ती बसली आणि तिनं दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे दाबून धरले. जगाच्या पोरांना शिकवतो, पण घरची पोर दोन-दोन तास वहीपुढे बसवूनही चार गणितं करत नाही, असं ते मला सांगत होते. मी गुडघे बघत होते. निघताना मी म्हणाले, संध्याकाळी पाठवत जा तिला, दोघी मिळून करतील.

लेख मी दुसऱ्या दिवशी एका बैठकीत लिहिला. गाय, ओंडका, चहा, तुमचं ते 'म्हणूनच'. वर तुमचा हार घातलेला फोटो येणार होता आणि त्याच्याखाली हे. इतक्या आनंदानं मी कधी काही लिहिलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात पाठवायच्या वेळी लक्षात आलं, हे छापून आलं की दुसऱ्या दिवसापासून पोर यायची बंद होणार. तोवर ती आठवडाभर येत होती, आणि मला लेखाहून चांगला सूड सापडला होता.

तुमची नात माझ्या घरात रोज चालते. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत दहा पावलं आहेत. मी भाकरी थापता थापता विचारते, दोघी पावलागणिक उत्तर देत जातात आणि दाराशी वळतात. लिहायचं ते खिडकीच्या कट्ट्यावर, उभ्यानं. एका वेळी एकच वही बाहेर, दप्तर बंद, माझा फोन पिठाच्या डब्यावर पालथा. चार गणितं झाली की बाहेर एक चक्कर, मग पुढची चार. तासाभराच्या आत सगळं उरकतं. चिरंजीव विचारतात, काय जादू केलीत ताई? मी म्हणते, तुमच्या वडिलांकडूनच शिकले. ते खूश होऊन जातात. ते मला किती गोड लागतं, गुरुजी, ते तुम्हाला कळावं म्हणूनच हे लिहायला घेतलं. पोर तुमच्या रक्ताची आणि चाल माझी.

स्मरणिकेला दुसरा लेख दिला, वीस ओळींचा. गुरुजी शिस्तीचे होते, मुलांच्या अक्षराकडे त्यांचं बारीक लक्ष असे. एक शब्द खोटा नाही. पहिला कपाटात आहे. ती मोठी झाली की छापीन. मला घाई नाही, आणि तुम्हालाही नाही.

लोढणं माझ्याकडेच आहे. अण्णांच्या माघारी घरातून मी तेवढंच मागून आणलं. दाराला टेकवून ठेवते, वाऱ्यानं दार लागून मुलींचं वळण अडू नये म्हणून. हे पत्र कुठे जायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहायला हरकत नाही. परवा तुमची नात सहाव्या पावलावर, बेचाळीसपाशी, पाचव्यांदा अडली आणि खाली बसून बाहेर बघत राहिली. मी पिठाच्या हातांनी दारापर्यंत गेले, वाकले आणि ते उचललं. अजून तितकंच जड आहे. मुलींनी विचारलं, काय झालं. मी म्हणाले, दार लावत होते.