हवालदाराच्या घरची पुस्तकं

मु. दिवेआगर,
ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १८५५

स्वारीच्या चरणी केसरचा नमस्कार. सासूबाई, राही आणि मी इकडे खुशाल आहोत. तुमची खुशाली कळवावी. सरहद्दीवर ऊन फार, असं ऐकते म्हणून विचारते, एरवी तुम्ही ‘मी मजेत’ याखेरीज काही लिहीत नाही.

या खेपेची ट्रंक वैशाखात पोचली. कुलूप गंजलं होतं, ते शेजारच्या नजमुद्दीनचाचांनी तोडून दिलं. बोटीवरची सारंगाची नोकरी सोडून घरी बसल्यापासून चाचांना कुणाचं तरी काम हवंच असतं. आत वर पुस्तकं, खाली पुस्तकं, आणि तळाशी राहीसाठी लोकरीचे मोजे. दिवेआगरात लोकरीचे मोजे घालून ती कुठे जाणार ते कळवावं. दोन दिवस हातांत घालून मात्र हिंडली.

बराकीत एका ट्रंकेपुरतीच जागा मिळते हे मला समजतं. साहेब विलायतेला निघाला की त्याची पुस्तकं तुम्ही घ्यायची, आणि पलटण हलली की ती घरी धाडायची. तुमच्यापेक्षा तुमची पुस्तकंच जास्त वेळा घरी आली. आता त्यांच्यासाठी फणसाच्या फळ्यांची मांडणी करून घेतली आहे. वाळवी चढू नये म्हणून पायांखाली पाण्याच्या करवंट्या ठेवल्या आणि पुस्तकांच्या मधे वेखंडाचे तुकडे. मिरगाच्या आधी वाडीत चटई टाकून सगळ्यांना उन्हं दिली. नकाशांचं, खंदकांचं, खेचरांच्या खुरांचं, जुन्या लढायांचं, अशी सगळी ओळीनं पसरलेली बघून सासूबाई म्हणाल्या, “येवढी वाचून त्यो लाटसायब होनार हाय काय?” मी म्हटलं, आधी जमादार तर होऊ देत.

त्या परीक्षेचं वाचलं. दसऱ्यानंतर आहे, पास झालात तर हवालदाराचे जमादार आणि नोकरी पुढे चालू, नाही झालात तर येत्या शिमग्याला पेन्शन घेऊन कायमचे घरी. हे सगळं तुम्ही दोन ओळींत उरकलंत आणि खाली ‘डोंगरी लढाईचं पुस्तक ताबडतोब पाठव, त्यावाचून पास होणं कठीण’ असं लिहिलंत. पुस्तक मांडणीवर आहे. पण बंदर बंद झालं. आगबोट आता नारळी पुनवेनंतरच लागेल. तोवर धीर धरावा.

राहीचा नमस्कार.

आपली,
केसर

मु. दिवेआगर,
श्रावण वद्य तृतीया

स्वारीच्या चरणी नमस्कार वि. वि.

तुमची दोन्ही पत्रं पोचली. दुसरं जरा रागात लिहिलेलं दिसलं, अक्षर मोठं झालं होतं.

पाऊस अजून आहेच. भात बरं आहे. वाडीतल्या दोन पोफळी वाऱ्यानं मोडल्या. सासूबाईंचा गुडघा धरला आहे, त्यांना निरगुडीचा शेक देते. राहीची भातुकली सध्या जोरात आहे. ती बाहुल्याला पानावर बसवते, भात वाढते, आणि त्यानं पहिला घास घ्यायच्या आत “चला, गाडीची वेळ झाली” म्हणून उठवते. मी म्हटलं, अगं जेवू तरी दे त्याला. तर म्हणाली, “बाबा असंच करतात.” हे तुम्हाला हसवायला लिहिते आहे.

पुस्तकाचं म्हणाल तर शोधते आहे. पावसाच्या आधी सगळ्यांना पोफळीच्या झावळ्यांच्या बुडाच्या रुंद विऱ्या भिजवून त्यांची वेष्टणं घातली, ओल लागू नये म्हणून. आता सगळी एका रंगाची दिसतात, आणि आतलं इंग्रजी अक्षर मला येत नाही. माझे वडील शाळामास्तर खरे, पण बालबोध आणि मोडीपलीकडे त्यांनी मला नेलं नाही. भलतंच पुस्तक जायचं म्हणून घाई करत नाही.

परवा गावदेवीला जाऊन आले. रावजी गुरव माझ्यावर रागावला. कशावरून, ते पुन्हा कधीतरी लिहीन.

तुम्ही लिहिलंत, पलटणीत सर्वांना सांगता की ‘माझ्या पुस्तकांना केसरसारखी राखण दुसरी नाही, एक पान हरवणार नाही.’ असं लोकांना सांगत जाऊ नका. मला ते आवडलं नाही.

आपली,
केसर

मु. दिवेआगर,
भाद्रपद वद्य द्वितीया

स्वारीच्या चरणी साष्टांग नमस्कार.

या पत्रासोबत डोंगरी लढाईचं पुस्तक टपालानं पाठवलं आहे. मी स्वतः म्हसळ्याला जाऊन दिलं आणि पावती घेतली. दसऱ्याच्या आधी तुमच्या हाती पडेल असं तिथले पोस्टमास्तर म्हणाले. पितृपक्षात असली कामं काढू नयेत म्हणून सासूबाई कुरकुरल्या, पण मला थांबवेना.

पुस्तक कधी हरवलं नव्हतं. वरच्या फळीवर डावीकडून तिसरं. वेष्टण घालतानाच आतल्या डोंगरांच्या चित्रांवरून ओळखून मी त्यावर कुंकवाचं बोट लावून ठेवलं होतं. आणि बंदर बंद होतं हे खरं असलं, तरी टपाल काही बंद नव्हतं. ज्या थैलीतून माझं पत्र तुमच्याकडे आलं, त्याच थैलीतून पुस्तकही आलं असतं. तुम्ही तेव्हाच हे ओळखाल म्हणून मी किती दिवस जीव मुठीत धरून होते. तुम्ही ओळखलं नाहीत. उलट परवाच्या पत्रात लिहिलंत की ‘सापडत नसेल तर जिवाला लावून घेऊ नको, दोष माझा, मीच फार पसारा केला.’ ते वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

मला तुम्ही नापास व्हायला हवे होतात. झालं, लिहिलं एकदाचं.

शिमग्याला तुम्ही घरी याल, पुन्हा जाणार नाही, राहीच्या भातुकलीतला तो बाहुला पोटभर जेवेल, एवढंच डोळ्यांपुढे होतं. तुम्ही इतकी वर्षं साहेबांची टाकलेली पुस्तकं गोळा केलीत, कंदिलाशी बसून इंग्रजी शिकलात, तुमच्या हाताखालची पोरं उगाच मरू नयेत म्हणून वाचता असं एकदा म्हणाला होतात. ते सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी ते पुस्तक फळीवर बसवून ठेवलं.

रावजी कशावरून रागावला ते आता लिहिते. मी देवीला कौल लावला होता. पुस्तक पाठवू की नको? पाठवायचं असेल तर उजवी पाकळी पाड, नसेल तर डावी. उजवी पडली. मी म्हटलं, माझं मन थाऱ्यावर नव्हतं, पुन्हा लाव. पुन्हा उजवी. तिसऱ्यांदा लाव म्हटलं तेव्हा रावजीनं पाकळ्यांचं तबक खाली ठेवलं. “वयनी, देवी काय बहिरी हाय? तुमाला कौल नको, तुमाला व्हकार हवा.” मी तरीही लावायला लावला. तिसऱ्या खेपेला डावी पडली आणि मी लगबगीनं ओटी भरून घरी आले. घरी येईपर्यंत मला आनंदच होत होता, हेही लिहिते. देवीलासुद्धा मी दमवून माझ्या बाजूला वळवलं.

मग तुमचं ते ‘दोष माझा’ आलं. त्या संध्याकाळी पुस्तक खाली काढलं आणि नजमुद्दीनचाचांकडे नेलं. म्हटलं, यात असं काय आहे ते मला एकदा वाचून दाखवा. बोटीवरच्या नोकरीमुळे चाचांना इंग्रजी वाचता येतं. झुबेदाचाची चहा करत होत्या, त्याही ऐकत बसल्या. चाचा थोडं वाचायचे, मग आपल्या बोलीत सांगायचे. अंमलदारानं आधी जवानांचं ताट बघावं, मग आपलं. मला हसू आलं. रजेवर आलात की तुम्ही सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसता आणि मी ‘भात निवतो’ म्हणून कटकट करते, ते इथून आलं होतं तर.

मग ठाण्यावर माणसं मागे ठेवून पुढे जायचं प्रकरण आलं. चाचा थांबले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, “ऐक गो केसर. ज्याला मागं ठेवायचा, त्याला सांगून ठेवायचा. का ठेवला, आनि कवापरयंत. न्हाय सांगितलास तर त्याचा जीव लढन्यात न्हाय, वाटंवर ऱ्हातो.”

झुबेदाचाची म्हणाल्या, “ह्या मर्दांनी हे फौजंसाठीच लिव्हलं काय?”

मला रडू आलं आणि रागही आला. इतक्यांदा हे पुस्तक तुम्ही वाचलंत, त्या पानाशी कोपरा दुमडलेला आहे, आणि मला कधी एका अक्षरानं सांगितलं नाहीत, का आणि कधीपर्यंत. तुम्ही विचारलं असतंत तर मी काय बोलले असते कोण जाणे. पण निदान तुमच्या फळीवरून चोरी करावी लागली नसती.

रागावलं तरी चालेल. परीक्षेला बसा. नीट अभ्यास करा.

अपराधी,
केसर

मु. दिवेआगर,
कार्तिक वद्य चतुर्थी

स्वारी जमादारसाहेबांच्या चरणी केसरचा नमस्कार.

तार पोचली. श्रीवर्धनहून माणूस ती घेऊन आला तेव्हा सासूबाई अंगणात सुपारी सोलत होत्या. तार म्हटल्यावर त्यांचा रंगच उडाला. चाचांनी वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी हातातला अडकित्ता टाकून आधी तुमच्या मांडणीला हळदकुंकू वाहिलं, मग देवाला. ‘लाटसायब’ म्हणून चिडवणाऱ्या त्याच. गावभर गूळखोबरं वाटलं. रावजी गुरवाला मी स्वतः नेऊन दिलं.

तारेनंतर आठवड्यानं तुमचं पत्र आलं. ते मी एकटीनं वाचलं.

तुम्ही लिहिता की बंदराचं कारण तुम्ही माझ्या पहिल्याच पत्रात ओळखलं होतं. तुमच्या दुसऱ्या पत्रात रागावलात तो उसना राग होता. पुस्तक येत नाही म्हणजे केसरला मी घरी हवा आहे, असं तुम्ही धरून चाललात. दुसऱ्या हवालदाराचं पुस्तक मागून घेता आलं असतं, तेही मागितलं नाहीत. परीक्षेतून नाव काढून घ्यायचं मनाशी ठरवलंत, ‘दोष माझा’ ते मला त्याची टोचणी लागू नये म्हणून लिहिलंत, आणि साहेबांना सांगायला जाणार त्याच दिवशी पुस्तक हाती आलं. मग तुम्हाला वाटलं, केसरनं मन मोठं केलं, परवानगी दिली. म्हणून जिद्दीनं बसलात आणि पहिले आलात.

पुस्तकात सांगितलं आहे तसं या वेळी कारण आणि मुदतही लिहिलीत. नव्या पोरांना शिकवायला माणूस हवा म्हणून, आणि आणखी सहा वर्षं. लिहिलंत ते बरं केलंत. तेव्हा राहीचं लग्न बघायची वेळ आलेली असेल.

मला अभिमान वाटत नाही असं समजू नका. बायका ‘जमादारीणबाई’ म्हणतात तेव्हा मान ताठ होते. तुमच्या हाताखालची पोरं जपली जातील, त्यांच्या आयांना मी तोंड दाखवू शकेन. श्रावणात हे म्हणता आलं नसतं.

पण तुमच्यापासून आता काही लपवायचं नाही असं मी ठरवलं आहे, म्हणून एक लिहिते आणि पत्र पुरं करते. पत्र वाचून मी विहिरीवर जाऊन खूप रडले. बायकांना वाटलं, आनंदानं. सासूबाईंनाही तसंच वाटलं, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. तुम्हाला कुणी तसं कळवलं तर खरं मानू नका. पुस्तक पाठवलं तेव्हा मला फार लाज वाटत होती म्हणून पाठवलं. परवानगी मी दिली नव्हती.

तुमची वाट बघणारी,
केसर