एरंडेलाची बाटली

न्यू टाउन, कोलकाता
१४ ऑगस्ट

मंजूताईस सप्रेम नमस्कार,

तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो आणि आई शेजारीच बसलेली असते, म्हणून कागदावर लिहितोय.

अनुजाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटावर चार बारीक छिद्रं, बस. आतड्यात चरबीची साधी गाठ होती, कॅन्सर नाही. त्या गाठीमुळे आतडं आतड्यातच शिरलं आणि वाट बंद झाली. आईला एवढंच सांग.

पुढचं तुझ्यापुरतं. अडकलेला भाग काळा पडला होता, तो कापावा लागला. विष रक्तात पसरलंय. पाच दिवस ती मशीनवर आहे, डोळे उघडत नाही. दोन दिवस आधी आणलं असतं तर सोपं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

ते दोन दिवस मी तिला आईनं पाठवलेलं एरंडेल देत होतो, सुंठीच्या काढ्यातून. तिला उलट्या होत होत्या. तरी पोट साफ झालं की बरं वाटेल म्हणत मीच तिला नाक धरायला लावलं. नवऱ्याचं मन राखायला ती ते प्यायली, ताई. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते तिच्या कागदांवर लिहून घेतलं.

तुझे गुडघे कसे आहेत? मी वेळेवर जेवतोय. निघायची घाई करू नकोस, आता कोणी येऊन काही होणार नाही.

आई एरंडेलाचं विचारेलच. तिला सांग, बाटली मी अजून उघडलेलीच नाही.

तुझाच,
नचिकेत