अर्धा नक्षा

६ जानेवारी १९९७

सकाळी सुरतजवळ उधन्याला उतरलो. अमळनेरहून निघताना धास्ती होती, ती गाडीतच गेली. निम्मा डबा अहिराणीत भांडत होता. आमच्या गावचा निंबादादा घ्यायला आला होता. माझी ड्रॉईंगची पेटी उचलत म्हणाला, भाऊ, घोडा तुम्ही पेन्सिलनं काढणार आणि हाकायचा आम्ही. तो लूम चालवतो. त्याच खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, मी आता डिझाईन मास्तर. नवागाममधल्या त्याच्या घरी पुढच्या पडवीत माझी खाट आहे. सुंदरावहिनींनी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. दोन भाकरींवर थांबलो तर विचारलं, शिकलेली माणसं चिमणीसारखीच खातात का. मी तिसरी घेतली. मजेत आहे.

७ जानेवारी

खातं पर्वत पाटियाजवळ आहे. मालक मगनशेठ. जपानहून आलेल्या जुन्या मशीनच्या पेटीत एका दांड्याला रेशमी कापडाचा तुकडा गुंडाळलेला निघाला, तो त्यांनी मला दिला. त्यावर लढाई विणली आहे. मध्ये ओढा. डावीकडे सामुराई घोडेस्वार, पाठीवरच्या निशाणांवर तीन वर्तुळं. उजवीकडे त्यांचे शत्रू, निशाणांवर पंखा. शेठ म्हणाले, पडद्याला चालशे मास्तर, पण ताबडतोब पाहिजे.

९ जानेवारी

घाईच्या कामात आम्ही अर्धाच नक्षा काढतो. ग्राफवर डावी बाजू काढायची, त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. लूमच्या दोऱ्या अशा बांधलेल्या असतात की उजवी बाजू डावीची आरशातली प्रतिमा म्हणून आपोआप विणली जाते. फुलापानांना हे नेहमी चालतं. मी ओढ्यापर्यंत डावं सैन्य काढलं आणि थांबलो. पंखा काढलाच नाही. पडद्यावरचं निशाण कोण बघतो?

१५ जानेवारी

दुपारी लूम सुरू झाला. निंबादादा आणि मी दोघांनी वीण पाहायला कापडावर हात ठेवला आणि आम्ही त्या विणलेल्या ओढ्याकाठी, गवतात उभे होतो. थंडी. ओल्या चामड्याचा वास. डावीकडे घोडे, मी काढले तेवढेच, त्याच रांगेत. एकाचा मागचा पाय मी घाईत आखूड काढला होता. तो लंगडत होता.

धागा तुटला, लूम थांबला, आम्ही परत खात्यात. तिथे अर्धा दिवस गेला होता, इथे चार मिनिटं. माझ्या चपलेला चिखल होता. निंबादादाच्या दंडावर दातांचे वण. म्हणाला, भाऊ, तुमचे घोडे चावतात. हसला.

१७ जानेवारी

आज आम्ही दोघं जाणूनबुजून गेलो. जायला नको होतं.

दोन्ही काठांवर तीन वर्तुळं. कुणाला कुणावर वार करायचा ते कळेना. एकानं समोरच्याचं शिरस्त्राण उपटलं. आत त्याचाच चेहरा. तो तसाच ओरडला आणि त्यानं त्याच चेहऱ्यावर तलवार घातली. मग सगळे तेच करू लागले. प्रत्येक जण स्वतःला मारत होता.

एक जखमी पलीकडे बुडत होता. निंबादादा ओढा ओलांडून त्याला ओढायला गेला. मी हाक मारली. तेवढ्यात लूम थांबला.

मी एकटा परत आलो.

१८ जानेवारी

शेठ म्हणतात, गावाला पळाला असेल, तुमचे खानदेशी असेच. वहिनींना खरं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. पाण्याच्या कुठल्या बाजूला होते, एवढंच विचारलं. उजव्या. लूम थांबताना डाव्या काठावर असेल तोच परततो, हे आता मला कळलंय. पलीकडे निंबादादाची प्रतिमाही असणार. त्याला ओळखू कसा? वहिनी म्हणाल्या, डाव्या करंगळीचं टोक नाही, लूमच्या पट्ट्यात गेलंय.

२० जानेवारी

जेवणाच्या सुटीत खातं रिकामं होतं. वहिनी लूम चालू-बंद करायच्या दांड्याशी उभ्या राहिल्या. चार मिनिटांनी थांबवायचा, असं ठरलं.

ओढ्यात शिरलो. समोरून मीच आलो. तोच सदरा, तीच घाई. टक्कर झाली, दोघं पाण्याखाली गेलो. मी बाहेर आलो. कुठल्या काठाला लागलो ते —

निंबादादा दोन होते, एकमेकांच्या गळ्याला. मी करंगळी पाहिली. डावी. त्यालाच ओढलं, पाणी ओलांडलं. लूम थांबला.

आणला. दादाला आणला.

२१ जानेवारी

वहिनींनी आम्हाला वाढलं आणि ताट धरून तशाच उभ्या राहिल्या. दोघं डाव्या हातानं का जेवताय, म्हणाल्या.

आम्ही उजव्यानंच जेवतोय.

त्यांनी दादाचा हात धरला. त्यांच्या मते तुटकी करंगळी उजवी आहे.

गल्लीतल्या पाट्या उलट्या दिसतात. सगळ्या. या वहीची २० तारखेच्या आधीची पानं मला वाचता येत नाहीत. मी लिहिलेलं हे पान वहिनींनी आरशात धरून वाचलं.

पण मला अमळनेर आठवतं. आई आठवते. भाकरी, ती चिमणी. मी मीच —

२२ जानेवारी

वहिनींनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, तुम्ही परत जा, माझा माणूस आणि भाऊ येऊ देत. दादा म्हणाला, तुझा माणूस मीच, आपल्या वरातीत कुत्रं चावलं होतं ते सांगू? त्या म्हणाल्या, त्यांनाही आठवत असेल. ते तिकडे उपाशी आहेत.

दादा खाली मान घालून उठला.

वही बरोबर घेतली.

त्याच दिवशी. ओढ्याकाठी

वहिनी चार मिनिटांनी दांडा ओढतील. त्याआधी डावा काठ त्या दोघांना सोडायचा.

सोडणारच होतो.

पलीकडे तो उभा आहे, माझ्याच चेहऱ्याचा. सदरा फाटलाय. हातात कुणाची तरी तलवार. पाच दिवस — दहा — त्याला किती झाले कोण जाणे. मी हात वर केला, ये म्हणालो. त्यानंही हात वर केला. तलवारीचा.

त्याला वाटतंय मी लढायला आलोय. इथे समोरचा त्याचसाठी येतो.

दादा त्याच्या दादाकडे चाललाय, हात जोडून. दादा, थांब —

तो पाण्यात उतरला. माझ्या पायाशी पण एक तलवार पडलीय. मी उचलणार नाही. उचलणार ना —