टाळी कोणी वाजवली?

८ फेब्रुवारी

तोंड दाखवायची सोय राहिली नाही!

विहीणबाईंना घेऊन घोडेस्वारीची जुनी शाळा बघायला गेले. ह्यांनी जन्मभर तिथल्या घोड्यांना नाल ठोकले. हे होते तोवर माझं कधी आत जाणं झालं नाही, वाचलं मात्र सगळं. त्यामुळे वाटभर माझी टकळी — छत कोणी बांधलं, तुळया कुठल्या लाकडाच्या. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही बोलताय की पुस्तक?"

एवढं बोलले आणि कामाचं तेच राहिलं. तिथे टाळी वाजवायची नाही, घोडे बुजतात. हे घरी किती वेळा सांगायचे!

पांढरा घोडा जागच्या जागी नाचायला लागला. कसा नाचला! — आणि माझेच हात वाजले. घोडा उधळला. वर बसलेली मुलगी वाळूत पडली. मनगट मोडलं.

घोडेस्वारी शिकवणारे मास्तर ओरडले, "टाळी कोणी वाजवली?"

मी हात पदराखाली घेतले. विहीणबाई उठल्या. "माझं चुकलं. मला ठाऊक नव्हतं."

मास्तरांनी मला ओळखलं. विहीणबाईंना म्हणाले, "अहो, ह्यांना तरी विचारायचं! आमच्या नालबंदांच्या घरच्या ह्या. ह्यांना सगळं माहीत."

मी मान डोलावली. डोलावली!

९ फेब्रुवारी

चहा पिताना जावई म्हणाले, "आमच्या आईला नाटक काय नि घोडा काय — हाणा टाळ्या!" लेक हसली. विहीणबाईसुद्धा हसल्या. मी कप विसळायला उठले.

१० फेब्रुवारी

नाही सांगितलं.

११ फेब्रुवारी

फळं घेऊन त्या मुलीकडे गेले. हात गळ्यात बांधलेला. तिथे तरी बोलायचं ठरवलं होतं. तीच म्हणाली, "मावशी, त्या दुसऱ्या काकूंना सांगा, माझा राग नाही. मुद्दाम थोडंच केलं त्यांनी!"

"सांगते," म्हणाले. आणि फळं ठेवून आले. ह्यांच्या फोटोकडे बघवत नाही.

१२ फेब्रुवारी

जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. जावयांचा घास हातात राहिला. लेक माझ्याकडे बघेचना.

विहीणबाई माझ्या पानात वाढत म्हणाल्या, "ते गेल्यापासून पहिल्यांदा हसलात तुम्ही, त्या घोड्याकडे बघून. त्यावर कोणी ओरडू नये म्हणून उठले मी. नि तुम्ही तेव्हापासून स्वतःवरच ओरडताय!"