रुमाल टाकलेली जागा

५ फेब्रुवारी, बुधवार
कै. सौ. शुभांगी अण्णाराव गुंजोटीकर, तुला कळवण्यात येते की मी आता पूर्णतः सावरलो आहे. पुरावा म्हणून येत्या शनिवारी मित्र नबीलालभाईंसमवेत रेल्वेने बार्शीकडील द्राक्षबागा व वाइनचा कारखाना पाहण्यास जात आहे. ही सहल तुझी इच्छा होती, हा केवळ योगायोग.
रविवारी सृष्टी येईल. तुझ्या कपाटातील साड्या वाटून टाकण्यास मी कन्येला संमती दिली आहे. कपाटाच्या किल्ल्या तिने शेजारच्या शांताक्कांकडे ठेवल्या आहेत, कारण मी दार उघडून नुसता बसून राहतो असा तिचा गैरसमज आहे. मी डांबरगोळ्या तपासत असतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
संकल्प: सहलीत तुझा उल्लेख करणार नाही. नबीलालभाई म्हणाले, "केलात तर चहा तुमच्याकडनं." तत्काळ मान्य केले.
मी आजन्म निर्व्यसनी, ते पाच वक्ताचे नमाजी. वाइनचे इतके निःपक्षपाती निरीक्षक त्या कारखान्यास मिळाले नसतील.

८ फेब्रुवारी, शनिवार, रेल्वेत
गाडी थांबताच बाहेरून खिडकीत रुमाल टाकून जागा धरली. आत जाऊन आम्ही दोघे शेजारी बसलो. रुमाल खिडकीशीच राहिला.
मेथीचे गाठोडे घेतलेल्या एका बाईंनी विचारले, "हितं कोण हाय?" मी सवयीने म्हणालो, "कुटुंब येत आहे."
गाडी सुटली. बाई म्हणाल्या, "अवो, गाडी हालली की. कुटुंब खालीच ऱ्हायलं तुमचं." एक गृहस्थ साखळी ओढण्यास उठले. नाइलाजाने सांगितले की ती दुसऱ्या डब्यात चढली असावी. नाव विचारले, तेही सांगितले. नबीलालभाई बाहेर पाहत होते.
येडशीला बाई स्वतः उतरल्या आणि डब्याडब्यापाशी हाका मारत गेल्या, "शुभांगीबाई, मालक हिकडं हायत." साखळीवाले गृहस्थ बायकांच्या डब्यात डोकावून बोलणी खाऊन आले. कोणी ओ दिली नाही.
बाई परत चढून म्हणाल्या, "रुसल्यात का वो? काय बोललात त्यास्नी?"
नबीलालभाई हळू म्हणाले, "लई रुसल्यात, बाई. दीड वरीस झालं, बोलत न्हाईत."
बाईंनी रुमाल उचलून झटकला, पुन्हा होता तसा अंथरला आणि बार्शीपर्यंत उभ्याच राहिल्या.
नोंद: उल्लेख बाईंनी केला. संकल्प अबाधित.

त्याच दिवशी, सायंकाळी
कारखाना म्हणजे मोठाल्या टाक्यांची पत्र्याची शेड. नबीलालभाईंनी ग्लास नाकाशी धरून खाली ठेवला. म्हणाले, "वासाला मनाई न्हाई."
मी अभ्यासार्थ एकच घोट घेतला. खोकल्याच्या औषधाशी साधर्म्य. पुढे तेथील अधिकाऱ्यांना मी सांगितले की या द्रवाचा रंग तुझ्या लग्नातील शालूसारखा आहे. शालू कोठून घेतला, तो नेसून तू कशी अडखळलीस, हेही सांगितले. उल्लेख शालूचा होता. अधिकारी मान हलवत राहिले.
चहाचे पैसे नबीलालभाईंनीच दिले. संकल्प अबाधित असल्याचे हे प्रमाण.

९ फेब्रुवारी, रविवार
शांताक्कांकडून किल्ल्या आणल्या. सृष्टीने रिकाम्या पिशव्या मांडल्या. वाटपास शिस्तीत आरंभ केला.
शालू बाजूला ठेवला. कालच्या रंगाची पडताळणी व्हावयाची आहे. हिरवी इरकल सृष्टीस पुढे लागेल. ती म्हणाली, नको. लागेल. जांभळी सुती साडी तू याच सहलीत नेसण्यासाठी घेतली होतीस. तिची घडी मोडलेली नाही. न वापरलेली वस्तू जुन्यात देणे योग्य नव्हे.
सृष्टी म्हणाली, "बाबा, एक तरी." मी माझे दोन सफारी दिले. तिने ते पिशवीत भरले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. कारण समजले नाही.
कपाटातून काही कमी झाले नाही. कालचा रुमाल तेवढा जांभळ्या साडीवर ठेवला. दार लावले. कुलूप घातले. किल्ल्या शांताक्कांना परत केल्या.