गाठ उजवीकडे की डावीकडे

जे. पी. नगर, बंगलोर
सोमवार, १२ फेब्रुवारी १९९६

सौ. शालनला, फार आठवणीने आशीर्वाद.

मी ठीक आहे. खोली कोरडी आहे, खोकलाही गेला. आईंचे गुडघे कसे आहेत?

इथे एक गंमत झाली. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली रंगाने चमकणारी पेशी निवडायची, मग नेमकी तीच इलेक्ट्रॉनच्या मोठ्या यंत्राखाली शोधून तिच्या पोटातलं बघायचं, हे आमचं काम. डॉक्टरेटवाल्यांना दोन दिवस ती सापडेना. मी म्हटलं, “साहेब, पेशी ठेवायची जाळी उलटी बसलीय, डावं-उजवं बदललंय.” साध्या सूक्ष्मदर्शकातला फोटो खिडकीच्या काचेवर पाठीकडून धरला, आणि पाच मिनिटांत पेशी हजर! कृष्णमूर्ती सर म्हणाले, “अण्णा, तुम्हाला मॅट्रिक नापास कोण म्हणतो?” मी म्हटलं, “बोर्ड म्हणतं.”

हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण फोनवर तू गळ्याच्या गाठीचं “सुई घालून तपासली, बरं आहे” एवढंच बोललीस आणि लगेच म्हशीच्या दुधावर गेलीस. गाठ उजवीकडे की डावीकडे? केवढी आहे? रिपोर्ट अक्षरन् अक्षर उतरून पाठव, असं लिहिणार होतो. दिवसभर कुणाकुणाच्या पेशी बघतो, आणि माझ्याच माणसाचं मला काही दिसत नाही.

आता पाठवू नकोस. रजा मागितली आहे. शनिवारच्या गाडीने निघतो, रविवारी दुपारी घरी पोचेन.

थोरांना नमस्कार सांग. दार मात्र तूच उघड, आणि गळ्याभोवती पदर गुंडाळून येऊ नकोस.

तुझाच,
बाळकृष्ण